मालिका पूर्ण झाली नाही



आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. बर्फावरची हॉकी! आपल्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसातला नाहीतर जत्रेतल्या गोळ्याचा. पण जरा दम धरा. ही गोष्ट खेळाची आहेच, पण माणसाचं मोल कोण ठरवतं, आणि साथीचा रोग आला की त्या माणसाची जबाबदारी कोण घेतं, याचीही आहे. हे दोन्ही प्रश्न आपल्याला नवे नाहीत.

आधी खेळ समजून घेऊ. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात तळी गोठतात. तिथली पोरं बुटाखाली लोखंडी पाती बांधून त्या बर्फावर घसरत खेळतात. हातात वाकडी काठी आणि चेंडूऐवजी रबराची टणक चकती. एका बाजूला सहा जण, त्यातला एक गोलरक्षक. धक्काबुक्की खेळातच धरलेली, त्यामुळे दात पडणं, हाड मोडणं नेहमीचं. सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे स्टॅन्ली कप नावाचा चांदीचा चषक. जिंकणाऱ्या खेळाडूंची नावं त्यावर कोरतात. वर्षभराचे सामने झाले की वरचे संघ आपसात लढतात, हरला तो बाहेर. याला प्ले-ऑफ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत बाद फेरी.

आता खेळाडूंचे सौदे. तिथे एक संघ दुसऱ्या संघाला आपला खेळाडू देतो आणि बदल्यात दुसरा खेळाडू घेतो. याला ट्रेड म्हणतात. आपल्याकडे साटंलोटं होतं ना, या घरची मुलगी त्या घरी आणि त्या घरची या घरी? मुलीला विचारायचं कोण! ट्रेडमध्येही बहुतेक वेळा तसंच. सकाळी फोन येतो, संध्याकाळी सामान बांधायचं. करारात खास कलम लिहून घेतलेलं असेल तरच खेळाडूला नाही म्हणता येतं. कधी कधी तर खेळाडूच्या बदल्यात पुढच्या वर्षीच्या नव्या पोरांतून एकाला आधी निवडण्याचा हक्क देतात. म्हणजे अजून पेरलंही नाही त्या पिकाचा सौदा. आणि प्रेक्षक? पारावर बैलाची किंमत ठरवावी तशी त्यांची चर्चा रंगते. हा महाग पडला, तो स्वस्तात गेला, अमक्याला विकून टाका.

आता मागे जाऊ, १९१९ सालात.

त्या काळी चषकासाठी पूर्वेचा विजेता आणि पश्चिमेचा विजेता यांची मालिका व्हायची. एका वर्षी पूर्वेकडे, एका वर्षी पश्चिमेकडे. १९१९ ला पाळी पश्चिमेची होती. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा संघ रेल्वेनं सगळा देश ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिअ‍ॅटल शहरात आला. समोर होते सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स. दोन वर्षांपूर्वी, १९१७ मध्ये, स्टॅन्ली कप जिंकणारा अमेरिकेतला पहिला संघ हाच.

मॉन्ट्रियलच्या संघात जो हॉल नावाचा खेळाडू होता. वय ३७. जन्म इंग्लंडचा, वाढला कॅनडात. मैदानावर इतका आडदांड की लोक त्याला ‘बॅड जो’ म्हणत. तो आधी क्वेबेकच्या संघात होता. १९१७ मध्ये त्या संघानं हंगाम खेळायचा नाही असं ठरवलं, तेव्हा त्याचे खेळाडू बाकीच्या संघांनी वाटून घेतले. त्या वाटणीत जो हॉल मॉन्ट्रियलकडे आला.

त्या वेळी जगभर इन्फ्लुएंझाची साथ होती. मैत्रिणींनो, ही साथ आपल्याला परकी नाही. आपल्याकडची जुनी माणसं तिला मानमोडी म्हणायची. जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरातून शिरली आणि रेल्वेच्या वाटेनं गावोगाव पसरली. भारतात एक कोटी वीस लाखांहून जास्त माणसं गेली असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या, असंही अभ्यासक सांगतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. कुणाच्या पणजीच्या तोंडून ‘मानमोडीच्या सालात अमकी गेली’ असं ऐकलं असेल, तर तीच ही साथ.

सिअ‍ॅटल शहरानं १९१८ च्या ऑक्टोबरात शाळा, नाटकगृहं बंद केली होती आणि तोंडाला फडकं बांधायची सक्ती केली होती. नोव्हेंबरात निर्बंध उठले. मार्चपर्यंत लोकांना वाटलं, संपलं एकदाचं. मालिका सुरू झाली आणि प्रेक्षक गर्दी करून आले.

सामनेही तसेच चुरशीचे झाले. पहिला सिअ‍ॅटलनं ७-० असा जिंकला, दुसरा मॉन्ट्रियलनं ४-२ असा. तिसरा पुन्हा सिअ‍ॅटलनं ७-२ असा घेतला. चौथ्यात जादा वेळ देऊनही एकही गोल झाला नाही. पाचवा मॉन्ट्रियलनं जादा वेळेत ४-३ असा खेचून आणला. दोघांचे दोन-दोन विजय आणि एक बरोबरी. १ एप्रिलच्या सामन्यात चषकाचा निकाल लागायचा होता.

पाचव्या सामन्यातच जो हॉल अर्ध्यातून बाहेर गेला होता. त्याला उभं राहवत नव्हतं. १ एप्रिलपर्यंत मॉन्ट्रियलचे पाच खेळाडू आणि व्यवस्थापक जॉर्ज केनेडी तापानं फणफणले. केनेडींनी दुसऱ्या एका संघाचे खेळाडू उसने मागितले, ते मिळाले नाहीत. मग त्यांनी सांगितलं, आम्ही हरलो असं समजा, चषक तुम्ही घ्या. सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट मल्डून यांनी नकार दिला. समोरचा आजारी पडला म्हणून मिळालेला चषक त्यांना नको होता. सामन्याला काही तास उरले असताना मालिका रद्द झाली.

५ एप्रिलला सिअ‍ॅटलच्या दवाखान्यात जो हॉल न्यूमोनियानं गेला. मागे बायको आणि लहान मुलं. केनेडी त्या आजारातून उठले खरे, पण प्रकृती पुन्हा सावरली नाही आणि १९२१ मध्ये तेही गेले. त्यांच्या पत्नीनं तो संघ ११,००० डॉलरला विकला. खेळाडू वाटणीत येतात, संघ विकले जातात, आणि घरचा माणूस गेल्यावर हिशोब बाईला निस्तरावा लागतो. हे तिकडेही चुकलेलं नाही.

पुढे १९४८ मध्ये स्टॅन्ली कपची नव्यानं घडण झाली. तेव्हा त्यावर १९१९ साल, दोन्ही संघांची नावं आणि त्याखाली एवढंच कोरलं, की मालिका पूर्ण झाली नाही. जो हॉलचं नाव त्या ओळीत नाही.

आता मध्ये एक सौदा सांगते, कारण त्यात एका बाईवर आळ आला होता.

१९८८ साल. कॅनडातल्या एडमंटन शहराचा संघ होता ऑइलर्स आणि त्याचा हिरा होता वेन ग्रेट्झकी. त्याच्यासारखा खेळाडू आजवर झाला नाही, असं बहुतेक जाणकार म्हणतात. १९८४ ते १९८८ या पाच वर्षांत त्यानं संघाला चार वेळा चषक मिळवून दिला. जुलैमध्ये त्याचं जॅनेट जोन्स या अमेरिकन अभिनेत्रीशी लग्न झालं. पुरता महिनाही झाला नव्हता आणि ९ ऑगस्टला बातमी आली, ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात दोन तरुण खेळाडू, नव्या खेळाडूंच्या तीन निवडी आणि दीड कोटी डॉलर रोख. ग्रेट्झकी पत्रकारांसमोर रडला. कॅनडाच्या संसदेतल्या एका खासदारानं तर सरकारनं हा सौदा अडवावा अशी मागणी केली.

आणि लोकांनी दोष कुणाला दिला? नव्या सुनेला! तिला सिनेमात काम करायचंय, तिनंच नवऱ्याला पळवलं. मालकाला रोख पैसा हवा होता, सौदा मालकानं केला, सही मालकाची. पण बोट गेलं घरात आलेल्या बाईकडे. पांढऱ्या पायाची सून आपल्याकडेच असते असं समजू नका. बर्फातसुद्धा असते.

दोन वर्षांनी, १९९० मध्ये, एडमंटननं ग्रेट्झकीशिवाय चषक जिंकला. ग्रेट्झकीला मात्र पुन्हा कधीच मिळाला नाही. हा सौदा कुणाला लाभला, यावर तिकडची म्हातारी माणसं आजही वाद घालतात.

आता येऊ २०२० मध्ये.

दरवर्षी एका ठरावीक तारखेला सौद्यांची मुदत संपते. त्या वर्षी ती २४ फेब्रुवारी होती. टॅम्पा बे लाइटनिंग या संघानं त्या महिन्यात दोन खेळाडू घेतले, ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो. दोघेही कष्टाळू, पण फार मोठी नावं नव्हेत. कोलमनसाठी टॅम्पानं एक होतकरू तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीतली एक निवड दिली. गुड्रोसाठी आणखी एक पहिल्या फेरीतली निवड. प्रेक्षकांत वाद पेटला. एवढं कुणी मोजतं का? ही तर पुढच्या पिढीची शिदोरी गहाण टाकली!

मुदत संपून १७ दिवस झाले आणि १२ मार्चला कोरोनामुळे हंगाम थांबला. नव्या संघात गेलेल्या खेळाडूंची धड ओळखही झाली नव्हती. मग वादाचे विषय बदलले. हंगाम पुरा करावा का? नाही केला तर त्या महागड्या सौद्यांचं काय? आणि केला तर अशा चषकाला मोल राहील का?

१९१९ ची आठवण तेव्हा पुष्कळ जणांना झाली. या वेळी घाई झाली नाही. आधी खेळाडूंच्या संघटनेशी बोलणी झाली. अटी कागदावर आल्या, खेळाडूंनी मतदान केलं. ज्याला खेळायचं नाही त्यानं कळवावं, त्याला कसलाही दंड नाही, हीही अट होती. कॅलगरीच्या ट्रॅव्हिस हॅमोनिकनं तसं कळवलं. त्याची लहान मुलगी आधी श्वासाच्या आजारानं दवाखान्यात होती आणि त्याला घरी जोखीम न्यायची नव्हती. जो हॉलच्या काळात असा कागद नव्हता.

१ ऑगस्टपासून २४ संघ टोरंटो आणि एडमंटन या दोन शहरांत खेळू लागले. हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल, बाहेर पाय ठेवायचा नाही. प्रेक्षक एकही नाही. रोज तपासणी. संपूर्ण बाद फेरीत ३३ हजारांहून जास्त चाचण्या झाल्या आणि एकही बाधित निघाला नाही. त्याच वर्षी आपल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या, ते आठवा. गर्दी हाच ज्याचा प्राण, ते सगळं त्या वर्षी गर्दीविना पार पाडावं लागलं.

तिथेही एक प्रसंग घडला. बॉस्टन संघाचा गोलरक्षक टूका रास्क १५ ऑगस्टला, सामना तोंडावर असताना, सगळं सोडून घरी गेला. २०१४ मध्ये त्याला सर्वोत्तम गोलरक्षकाचं बक्षीस मिळालं होतं. ते बक्षीस जॉर्ज वेझिना यांच्या नावाचं आहे आणि हे वेझिना १९१९ च्या त्या अपुऱ्या मालिकेत मॉन्ट्रियलचे गोलरक्षक होते. रास्क गेला तसे प्रेक्षक तुटून पडले. पळपुटा आहे, याला विकून टाका. पुढे त्यानं सांगितलं, बायकोचा फोन आला होता, मुलीची तब्येत अचानक बिघडली होती. लेकरू आजारी असताना बाप घरी गेला, एवढीच गोष्ट. पण सौद्याच्या भाषेत बोलायची सवय लागली की माणसाचं लेकरू दिसत नाही.

शेवटी २८ सप्टेंबरला टॅम्पानं डॅलसला हरवून चषक घेतला. शेवटचा सामना २-० असा होता. दुसरा गोल कुणाचा? ज्याला महाग म्हणाले होते त्या ब्लेक कोलमनचा. गुड्रोनंही ती सगळी मोहीम खांद्याला खांदा लावून खेळली. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, टॅम्पानं पुन्हा चषक जिंकला तेव्हाही दोघे संघात होते. टीका करणारे गप्प झाले.

इथपर्यंत सगळी पुरुषांची कथा झाली. आता बायांचं काय झालं ते ऐका.

अमेरिकेत बायांची व्यावसायिक हॉकी लीग होती, संघ सहा. २०२० च्या मार्चमधला त्यांचा अंतिम सामना कोरोनामुळे होऊच शकला नाही. पुढचा हंगाम त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये लेक प्लॅसिड या छोट्या गावात, सगळे संघ एकत्र ठेवून, दोन आठवड्यांत उरकायचं ठरवलं. पण पैशाचा फरक बघा. पुरुषांच्या एका संघाला पगारावर वर्षाला ८ कोटी १५ लाख डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा होती. बायांच्या एका संघाच्या सगळ्या पगारांची मर्यादा होती दीड लाख डॉलर. कित्येक जणी दिवसा नोकरी करून खेळत होत्या.

काही दिवसांतच एक संघ बाहेर पडला, मग दुसरा. ३ फेब्रुवारीला, उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी, बाधितांमुळे स्पर्धा थांबवावी लागली. ते उपांत्य सामने अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहिनीवर थेट दिसणार होते. बायांच्या व्यावसायिक हॉकीला असा मान पहिल्यांदाच मिळणार होता आणि तोच हातातून निसटला.

पण ही मालिका अपुरी राहिली नाही. मार्चच्या शेवटी बॉस्टनमध्ये उरलेले सामने झाले, वाहिनीवर दिसलेही. २७ मार्चला बॉस्टन प्राइडनं मिनेसोटाला ४-३ असं हरवलं आणि थांबलेला चषक उचलला.

त्याहून मोठी गोष्ट पुढे झाली. २०२४ च्या जानेवारीत बायांची नवी लीग सुरू झाली, पीडब्ल्यूएचएल. पहिला सामना व्हायच्या आधी, २०२३ च्या उन्हाळ्यातच, खेळाडूंच्या संघटनेनं आठ वर्षांचा करार लिहून घेतला. त्यात पगार आहे, घरभाड्याला मदत आहे आणि गरोदरपणाच्या रजेत पूर्ण पगार आहे. बोलणी करणाऱ्या खेळाडूंमध्ये केंडल कोइन स्कोफील्ड होती. त्याच जुलैमध्ये तिला मुलगा झाला. पुढच्या हंगामात ती मिनेसोटाची कर्णधार म्हणून बर्फावर उतरली.

सौदे या लीगमध्येही आहेत. पहिला सौदा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. बॉस्टननं सोफी जॅक्स ही खेळाडू मिनेसोटाला दिली आणि बदल्यात दोन खेळाडू घेतल्या. पुन्हा तेच वाद, एकीला दोन म्हणजे फायदा की तोटा? मे महिन्यात अंतिम फेरीत गाठ पडली ती बॉस्टन आणि मिनेसोटाचीच. जिंकली मिनेसोटा. जिला दिली तिनंच चषक उचलला. म्हणून म्हणते, माणसाची किंमत आज ठरवली तरी उद्या ती तेवढीच राहील असं नाही.

मैत्रिणींनो, या सगळ्या कथेतून मला एक धागा दिसतो. साथ १९१९ मध्ये आली, २०२० मध्येही आली. पुढेही येईल. फरक पडला तो आधी लिहून ठेवलेल्या अटींमुळे. जिथे आजारी माणसानं काय करायचं, घरी कुणी दुखणाईत असेल तर काय करायचं, हे आधी ठरलं होतं, तिथे माणसं वाचली आणि खेळही वाचला. जिथे ठरलं नव्हतं, तिथे चषकावर एक ओळ उरली आणि एका घरातला कर्ता गेला. पैशाचाही वाटा मोठा आहे. पुरुषांना रोजची तपासणी परवडली, बायांचं सगळं दोन आठवड्यांच्या कसरतीवर होतं. पण नव्या लीगच्या बायकांनी पैसा पुरेसा येईपर्यंत वाट पाहिली नाही. आधी कागद केला, मग खेळायला उतरल्या.

या महिन्याच्या बैठकीत एवढ्यावर बोला. आपल्या गटात एखादी आजारी पडली, बाळंत झाली, किंवा घरच्या दुखण्यामुळे तिचे हप्ते थकले, तर काय करायचं हे आपल्या ठरावाच्या वहीत लिहिलेलं आहे का? की त्या त्या वेळी जिचा आवाज मोठा तिचं चालतं? आणि कुणी बैठकीला आली नाही की आपण आधी तिला बोल लावतो, की आधी तिच्या घरी जाऊन विचारतो? वही काढा, चार ओळी लिहा, सगळ्या जणींच्या सह्या घ्या. पावसाआधी कौलं चाळून घेतलेली बरी.

आज इथंच थांबते.